चपट्या तारा

बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते,
त्यामुळे आकडा चोख सांगते:
नवी तार, वेंगुर्ल्याचं बंदर, बावीस दिवस.
तेविसाव्या दिवशी बोटांना गंजाचा वास
आणि सहावी तार भिजल्या चपलेसारखी.

कुडाळच्या दुकानात खोबरेकरांनी
दोन पाकिटं काचेवर ठेवली.
एक सातशेचं, नेहमीचं.
दुसरं अडीच हजारांचं.
'ह्येच्यावर नख फिरव,' म्हणाले.
फिरवलं.
नेहमीची करकरली काथ्याच्या दोरीसारखी,
पीळन् पीळ मोजता येईल अशी.
दुसरीवर नख नुसतं घसरलं,
पापलेटच्या पाठीवरून घसरावं तसं.
'गोल तार नाय, पट्टी गुंडाळलेली.
मीठ बसाक जागाच नाय.
मऊ वाजता. पण मेलेली न्हय हां.'

मी लगेच हो म्हटलं नाही.
कारण पैसे नव्हतं.
म्हणजे, तेही होतं.

इनास मास्तरांची एक कॅसेट आहे माझ्याकडे,
उभादांड्याच्या कुणाच्या तरी लग्नातली.
मागे भांडी, एक मूल रडतंय,
आणि दर दोन सुरांच्या मध्ये
त्यांची बोटं तारेवरून सरकताना
च्वीक्.
मला शिकवताना ते त्यालाच शिव्या घालत.
'आलो बघ उंदीर,' म्हणत, 'परत आलो.'
सूर काय, सूर मी आता कुठूनही काढते.
उंदीर तेवढा त्या कॅसेटमध्ये राहिलाय.

चपट्या तारांवर उंदीर येत नाही.

खोबरेकर मागे चहा सांगून आले.
चहा आला, निवला.
शेवटची एसटी साडेसहाची.
अडीच हजार मोजले, दोनदा.

रात्री लावल्या. जाड आहेत,
गिटारची मान पुढे वाकली,
पान्याने पाव वळसा आवळून सरळ केली.
तिसरीसुद्धा गुंडाळलेली, ओढून सूर चढवायला गेले
तर जागची हलेना.
मग ॲम्प लावला.
पहिला सूर:
ओहोटीच्या वेळी होडीचा तळ
वाळूला लागतो ना,
तसा.
पहिल्या घरातून सातव्यापर्यंत सरकले.
काही नाही.
रस्त्यापलीकडे कारखान्याचा कॉम्प्रेसर घरघरत होता,
तो थांबला, तरी काही नाही.
मीच तोंडाने केलं, एकदाच,
च्वीक्,
आणि खिडकी लावून घेतली, कुणी ऐकलं तर काय.

उतरवलेल्या तारांतल्या बारीक दोन
चुलतभाऊ सत्यवान घेऊन गेला, गळाला जोडायला.
सुरमई नायलॉन कातरते, पोलाद नाही.
रविवारी जाड चार तुकड्या आणून दिल्यान.
'तुज्या दुसऱ्या तारेवर गावली.'

'वाजली काय?' मी विचारलं.

'कोण,' म्हणाला, 'सुरमई?'