ग्लिसरीनचे दोन थेंब

मे महिन्यात वसमतला
जलरंग हा शहाण्याचा छंद नाही.
ब्रश वाटीतून कागदापर्यंत जातो तोवर
निम्मं पाणी उडून गेलेलं असतं.
आभाळ धरलं की
डाव्या कोपऱ्यातून उजव्यात पोचेतो
डावीकडचं वाळून बसतं,
कडा धरतं,
बशीत सांडलेल्या चहासारखी.

म्हणून मी ग्लिसरीन घालते.
सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते,
मोजून टाकायची सवय हाताला आहे.
वाटीभर पाण्याला दोन थेंब,
सिरिंजमधून, सुई काढून.
तीन झाले की चित्र आठवडाभर चिकट राहतं
आणि माश्या आभाळात येऊन बसतात.

रविवारी पहाटे साडेपाचला
फरजानाच्या गच्चीवर आम्ही तिघं.
ऊन कठड्यावर चढलं की आवरतं घ्यायचं.

फरजाना ब्लाऊज शिवते.
ॲक्रिलिकशिवाय कशाला हात लावत नाही.
"चुकलं तर वरून दुसरं लावायचं बाई,
उसवत बसायचं काम नाही."
कॅनव्हास म्हणजे उरलेलं अस्तर,
त्यावर फेविकॉल आणि खडूची भुकटी, दोन हात.
निळा ती बंद पडलेल्या एटीएम कार्डानं ओढते,
एवढा जाड
की बोट फिरवलं तर लाटा लागतात,
आणि समुद्र तिनं पाहिलेला नाही.

मुंजाजी ढगे दुकानाचा रंगच घेत नाही.
लाइनमन होता, खांबावर आयुष्य गेलं,
रेघ मात्र कधी सरळ येत नाही त्याची.
काळा म्हणजे रानातली माती,
चार पाण्यांत निथळलेली,
बाभळीच्या डिंकात घोटलेली.
पिवळा म्हणजे हळद.
"वसमतात राहून पिवळा इकत घ्यायचा व्हय?"

मी सांगितलं होतं,
हळद उन्हाला टिकत नाही.
त्यानं ऐकलं, मान हलवली,
आणि चित्र खिडकीसमोरच टांगलं:
हळद शिजवायची कढई, पोती, चार माणसं,
आणि वर पिवळीधमक वाफ.
पोळ्यापर्यंत पिवळा गेला.
मातीच्या रेघा तेवढ्या राहिल्या,
जिथे वाफ होती तिथे नुसता कागद.
मी काही बोलले नाही.
तो मागे सरकून, चष्मा वर करून
बराच वेळ बघत राहिला.
"आता वाफ वाफेवानी दिसायली," म्हणाला.

परवाच्या रविवारी तंबाखू मळता मळता
त्याचा अंगठा कागदावर टेकला.
अंगठ्याला चुना.
ओल्या हळदीत एक डाग उठला,
आधी विटकरी,
मग बघता बघता लाल.

"अरे, ये तो लाल हो गया ना!"
फरजाना कार्ड टाकून उठली.
मुंजाजीनं डबी पुढं केली,
आणि आम्ही तिघं पोरांसारखी
कागदावर वाकून
बोटानं, काडीनं, कापसाच्या बोळ्यानं
चुना टेकवत बसलो.
थोडा लावला तर केशरी.
जास्त लावला तर कुंकू.
पाण्यात विरघळवून सोडला
तर कडेनं लाल आणि आत पिवळाच.

आणि मला आठवला माझा पांढरा युनिफॉर्म.
डब्यातलं वरण सांडायचं,
घरी येऊन साबण लावला की डाग लाल व्हायचा.
सत्तावीस वर्षं तो लाल
माझ्या हातात येत होता.
मी नुसती घासत होते.

ऊन कठड्यावर आलं.
माझं आभाळ तसंच वाळून गेलेलं,
मधोमध एक कडा,
ग्लिसरीन घालायचं राहूनच गेलं होतं.
राहू दिली.

"ह्यो लाल किती दिस टिकंल, सिस्टर?"
मला माहीत नव्हतं.
मुंजाजीलाही नाही.
फरजानानं चित्र उलटं केलं
आणि मागे तारीख टाकली,
कापड आखायच्या खडूनं.