चौकोनी काडी

तीस वर्षं खांबावर चढलो.
डीपी जळायच्या आधी तेल वास सोडतं,
तो मला दोन वावरांवरून कळायचा.
लोक म्हणत, उकंडा वायरमनच्या नाकाला
मीटरसारखं सील मारून ठेवा.

मग एका तापात ते गेलं.
ताप उतरला, नाक आलं नाही.
आर्वीच्या डॉक्टरनं कापूर हुंगवला, हिंग हुंगवला,
नाकपुडीत बॅटरी मारून पाहिलं,
म्हणाला, येईल कधी तरी.
लाइन कधी येणार, असं विचारलं की
मीही लोकांना हेच सांगायचो.

वनमाला काही बोलली नाही.
दिवाळी झाल्यावर तिनं मोरीच्या पाण्याला वाट काढली,
ऑफिसनं फेकलेला केबलचा लाकडी ड्रम आडवा पाडून
त्यात माती भरली.
मधोमध गवती चहा, बाजूनं मरवा,
फुटक्या इन्सुलेटरचा पांढरा काठ.
पुदिना मोरीपाशी, त्याला पाय ओले लागतात.
सबजा. भिंतीच्या सावलीत ओवा.
दवणा, जो मे महिन्यात हटकून रुसतो.
सांबार दर पंधरा दिवसांनी नवा,
धने वहाणेखाली रगडून, दोन फाकी झाल्याशिवाय पेरायचे नाहीत.
गोडलिंबाचं रोप मेश्रामबाईच्या अंगणातलं,
मागून आणलेलं लागत नाही म्हणून
तिच्या डोळ्यांदेखत चोरलेलं.
मेश्रामबाईनंच खुरपं दिलं.

मी म्हटलं, "माह्यासाठी काहून एवढं?
मले तर सारं गवतच."
"तुमच्यासाठी कोण लावते?
मले नाक आहे."

पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं.
दिवसभराची वाफ जमिनीतून निघत असते,
बादली, तांब्या, आणि मी.
हळूहळू बोटं शिकली.
दवणा हातात धरला तरी
काही धरल्यासारखं वाटत नाही.
गवती चहा कापतो, आणि कापल्याचं
उशिरा कळतं.
पुदिना, सबजा, मरवा, या तिघांची काडी चौकोनी.
बोटांत फिरवून पाहा, कोपरे लागतात.
सबजाचे मऊ, पुदिन्याचे जरा खरखरीत,
मरव्याची काडी म्हणजे फ्यूजची तार,
जास्त दाबायची नाही.
ओव्याचं पान जाड, लव असलेलं,
नुकत्या जन्मलेल्या वासराचा कान.
हे मी वनमालाला सांगितलं नाही.
माणसाकडे स्वतःचं काही असावं.

परवा रात्री साडेअकराला लाइन गेली.
भोयरांची सून कुंपणापाशी उभी,
लेकराला ढास लागलेली, थांबत नव्हती.
"बाबाजी, ओव्याचे चार पानं देता काय?"
वनमाला बॅटरी शोधते,
बॅटरीचे सेल टीव्हीच्या रिमोटात.
सुनेच्या मोबाइलात दोन टक्के.
मी उठलो. चपलाही घातल्या नाहीत.
अंधारात मी पगार घेऊन काम केलंय.
चार मागितली होती, सहा दिली,
वर सांगितलं, तव्यावर जराशी शेकजो,
रस काढून मधात दे.

परत आलो तर ही खाटेवर बसलेली.
"हात आणा इकडं."
आणला.
तिनं नाकाशी धरला, बराच वेळ.
पलीकडे ढास अजून चालू होती,
मग दोन ढासांमध्ये अंतर पडायला लागलं.
"आधी गवती चहावर गेले.
मंग मरवा. दोनदा.
पायाले पुदिना लागला आहे, म्हणजे मोरीत उतरले.
तवा कुठं ओवा."

सगळं खरं होतं.
मरव्याचं दोनदासुद्धा.
मी म्हटलं, "सरळच गेलतो."
"हो जी," ती म्हणाली,
हात मात्र सोडला नाही.

त्या रात्री लाइन किती वाजता आली,
मला सांगता येणार नाही.