टाच

सतरा फुटी शिपाई उभा राहायचा आमच्या अंगणात
फणसाच्या बुंध्यालगत. आधी नुसता लोखंडाचा,
मग काथ्याचा, मग मातीचा.
आई त्याच्या दंडावर कपडे वाळत घाली.
ओलं फडकं सुटलं की माती तडकते,
म्हणून माझं काम, रात्री उठून पाहायचं
शिपाई झाकलेला आहे ना.
तेव्हा मी नऊ वर्षांची.
धाकट्या भावाचं पांघरूण बघायला कुणी उठत नसे.

बाबा, म्हणजे सगुण च्यारी, डिचोलीचे.
त्यांच्या बापाने पालखीचे सिंह कोरले,
इगर्जीतल्या सांतांची मोडकी बोटं जोडली,
चवथीला घरोघर गणपती दिले.
बाबांच्या वाट्याला आले ते मेलेले.
साखळीच्या वळणावरचा, पेडण्याचा,
काणकोणचा तो संगीनवाला, ज्याचं नाक समितीने दोनदा बदललं.
अकरा स्मारकं, अकरा उद्घाटनं.
खुर्च्यांच्या रांगेत त्यांना खुर्ची नसे.
ते मागे, चौथऱ्याला तळवा लावून,
सिमेंट अजून ओलं आहे का बघत.

पायांसाठी मिंगेल रेंदेर यायचा,
माडावर चढून चढून पोटऱ्यांना गाठी आलेला.
तासभर उभा राही आणि म्हणे,
मेस्ता, लढाईत गेलो नाही मी कधी,
माझ्या पायांना सलाम कसला करतात?

बाबा आधी उघडा पाय घडवत.
बोटं, नखं, टाचेच्या भेगा.
मग त्यावर मातीचा बूट चढवत.
जे दिसणारच नाही त्याच्यावर आठवडा कशाला,
साहेबांनी विचारलं.
बाबांनी मनगटावरची माती खरवडली. बोलले नाहीत.

एकदाच सांगितलं, भट्टीपाशी, मेण वितळत होतं तेव्हा.
बारा वर्षांचे असताना, एकसष्टच्या डिसेंबरात,
सारमानसच्या धक्क्याला गाझोलीन लागली.
ताडपत्रीखाली कोणीतरी.
नुसती टाच बाहेर.
पांढरट, नदीचा चिखल सुकलेली, मधोमध एक चीर.
कुठल्या बाजूचा, ते बघायला
ताडपत्री उचलावी लागली असती.
आजोबा म्हणाले, चल.

"टाचेवरून कळत नाही,"
एवढं म्हणून बाबा पुन्हा मेण ढवळायला लागले.

ब्राँझचा माणूस आतून पोकळ असतो.
सांध्यांतून पाणी शिरतं, सांगाडा गंजतो,
म्हणून प्रत्येकाच्या डाव्या टाचेत
करंगळीएवढं भोक.
एका वर्षी पत्र आलं, गोल शिक्क्यासकट:
हुतात्म्याचा पाय गळतो. शोभत नाही.
छिद्र बुजवून मिळावे, तोवर शेवटचा हप्ता रोखण्यात येत आहे.
बाबांनी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं,
उदकाक वाट जाय.
आणि परत पाठवलं.
हप्ता अजून यायचा आहे.

आता ते नाहीत.
साच्यांचे तुकडे गोठ्यात पडलेत.
अर्धा जबडा, तीन मुठी,
एक भलामोठा कान, त्यात कोंबडी अंडी उबवते.

चवथीच्या बाजाराला निघाले
की माटोळीचं सामान घ्यायच्या आधी
मी साखळीच्या वळणावर रिक्षा थांबवते.
पिशवीत सायकलची तार.
कुंभारमाशीने भोक लिंपलेलं असतं,
माती अशी मळलेली, की बाबांनी नाव विचारलं असतं.
तार घालते, फिरवते.
आत काहीतरी अडतं, मग सुटतं,
तपकिरी, कोमट, महिनाभर कोंडलेलं.
बुटावरून चौथऱ्यावर, चौथऱ्यावरून
कोरलेल्या नावांच्या खाचा भरत,
माझ्या चपलेला वळसा घालून गटाराकडे.

रिक्षावाला हॉर्न देतो.
बाय, किती वेळ?

थांब रे, म्हणते मी.
येतंय अजून.