अर्धा मिलिमीटर

कुपवाडला सोमवारी सुट्टी,
म्हणून सोमवारीच आमच्या शेडमध्ये आवाज होतो.
अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, भंगारातून निवडलेला बॉल स्क्रू,
राऊटर धरायला मीच वाकवलेला क्लॅम्प,
एवढं यंत्र उभं आहे.
त्याला हलवायचं कुणी, तेच ठरत नाही.

सुकुमार चौगुले म्हणतो, शंभर फुटी रोडवरून
ते निळं बोर्ड आण. तळहाताएवढं, हजाराच्या आत,
जी-कोड गिळतं नि गुमान चालतं.
मिरजेचा इलाही मुजावर म्हणतो, छट्.
त्याच्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे,
पाठीला अजून पंचवीस पिनांचं पोर्ट असलेला.
"लिनक्स टाकून देतो. म्हातारा आहे, पण वेळेला पक्का."
दोघांचंही बरोबर.
मी वहीत दोन रकाने पाडले,
खाली दुधाचा हिशेब होता, तो तसाच ठेवला.

अण्णा खाटेवरून बघतात.
तेहतीस वर्षं लेथवर. डावा हात कॅरेजच्या चाकावर:
एक सूत, अर्धं सूत, मग श्वास धरून केसभर.
चाकातली ढिलाई डायल न बघता कळायची त्यांना.
"आधी मागं ने, मग पुढं घे, अक्का.
मापावर एकाच अंगानं आलं पायजे."

माघात तो हात गेला.
फिजिओवाला म्हणतो, डावा हात वर करा.
अण्णा म्हणतात, केला.
हात चादरीवर.
पुन्हा करा.
केला की वो.
खोटं बोलत नाहीत ते.
आत कुठेतरी तो खरंच उचललेला असतो.

त्या रात्री मी मोटरांचं वाचत बसले.
स्टेपर: दोनशे पावलांत एक फेरा.
बोर्ड म्हणतं चल, ती चालते.
भार आला, अडली, जागच्या जागी थरथरली,
तरी बोर्डाला पत्ता नाही.
त्याच्या लेखी ती पोचली,
आणि पुढचं सगळं काम
त्या न पोचलेल्या जागेपासून सुरू.
मी मोबाईल उलटा ठेवला.

सुकुमारचं बोर्ड उसनं आणलं.
राऊटरच्या जागी बॉलपेन बांधला,
कुणाच्याशा लग्नपत्रिकेच्या पाठीवर वर्तुळ काढायला लावलं,
मुद्दाम वेग वाढवून.
स्क्रीनवर शून्य, शून्य.
कागदावर वर्तुळाची दोन टोकं
एकमेकांना चुकवून गेलेली.

अण्णांनी उजव्या हाताचं नख फटीवर ठेवलं.
"अर्धा मिलिमीटर."
मी मोजलं. शून्य पूर्णांक एकोणपन्नास.
"आन् ह्याला कुणी सांगितलं न्हाई व्हय, पोचलं न्हाईस म्हणून?"
म्हटलं, सांगणारी मोटर मिळते.
पाठीला एनकोडर असतो, स्वतःचं स्वतः मोजते,
चुकली तर ड्रायव्हरवर लाल दिवा, सगळं बंद.
"मग तसली घे."
तिन्ही अक्षांना घेण्याइतके पैसे नाहीत, अण्णा.
"एक घे. जड अंगाला लाव.
बाकीच्या दोघींकडं आपण बघू."

असं ठरलं. वायला डोळस, बाकी दोन आंधळ्या,
आणि कॉम्प्युटर इलाहीचा.
कारण वहीत लिहिलेलं नाही:
तो बिघडला की इलाही येतो,
आणि इलाही आला की अण्णा दोन तास बोलतात.

आता फिजिओच्या वेळी मी काही सांगत नाही.
त्यांचा उजवा तळवा उचलून डाव्या मनगटावर ठेवते.
थोडा वेळ जातो.
"न्हाई गेला," म्हणतात, आणि परत लागतात.

काल पट्टीत मुद्दाम लाकडाचा तुकडा अडकवला.
लाल दिवा लागला. यंत्र थांबलं.
अण्णा म्हणाले, "शाणं हाय."
इलाहीला वायर वीतभर कमी पडली,
तो ती आणायला मिरजेला गेलाय.
झेडची मोटर अजून खोक्यातच आहे.