पेव

हरिपुरात पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात.
विझला, तर आत हवा नाही.
सुकुमार मगदूमनं माइकच्या आधी
दोरीनं कंदीलच सोडला
महापुरानंतर रिकाम्या पडलेल्या त्या खड्ड्यात.
थांबला. मग स्वतः उतरला,
छप्पन्न वर्षांचा, गुडघे करकरत,
काळ्या बनियनवर मार्केट यार्डातली पिवळी धूळ.

जुना बँड सत्त्याण्णव साली मोडला.
एक दुबईत, एक देवाघरी,
एकाचं मिरजेत हार्डवेअर.
आम्ही तिघं तेव्हा जन्मलोही नव्हतो.
"फॉर्मात काय लिहू? कितवा अल्बम?"
"पहिला," म्हणाला. "तुमच्यासंगं पहिलाच की."

वर जनरेटर, वायरी, बघायला आलेल्या शेळ्या.
खाली तो ओरडला
आणि माती ओरडली त्याच्या मागून, जरा उशिरा,
थप्पीतलं तळाचं पोतं
उसवावं तशी.

सहाव्या गाण्यात वरचा सूर चिरला.
तौफिक म्हणाला, काका, कॉम्प्युटरवर सरळ करतो,
कळणार नाही कुणाला.
सुकुमारनं करंगळीनं कानातली हळद काढली.
"हळकुंड सरळ असतंय व्हय कधी?
ऱ्हाऊ दे."

परवा सीडी आल्या. शंभर.
पहिली त्याच्या बायकोनं ऐकली, मेथी निवडत,
अख्खी.
मग एवढंच विचारलं:
"एवढ्या खालनं वरडलासा,
वर वढाय हुतं का कोण?"

होतो.
दोरी माझ्याकडं होती.
तळवे अजून पिवळे आहेत.