कोकरचं दार

विनिपेगहून येताना मी वही आणली होती,
नऊ वर्षांची. किलोमीटरला पाच मिनिटं दहा सेकंद,
निळ्या शाईत, कुठेही खाडाखोड नाही.
जॉर्जटाउनच्या समुद्रभिंतीवर पहिल्याच सकाळी
ती वही भिजली.
पावसानं नव्हे, खिशात होती, माझ्याच घामानं.

तिसऱ्या किलोमीटरला कानात ठोके,
पोटऱ्यांत शिसं,
आणि मनगटावर सहा वीस.
सहा वीस!
मी घड्याळावर बोट आपटलं, जणू चूक त्याची.

मिस वेव्हनी कठड्यावर बसून शहाळं पीत होत्या.
"कुणाच्या मागे लागलायस, लेनॉक्स?"
म्हटलं, स्वतःच्याच.
"त्याचं विमान चुकलं," त्या म्हणाल्या,
"इथे तू एकटाच उतरलायस."

मग मला किटीच्या कोकरपाशी नेलं.
लहानपणी मी तिथे मासे धरायचो,
ते दार कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं.
भरतीच्या वेळी हे शहर समुद्राच्या खाली असतं.
गल्लीगल्लीचं पाणी चरांतून इथवर येतं आणि थबकतं.
ओहोटी लागली की दार वर, पाणी बाहेर.
भरती असेल तर आत कितीही तुंबो,
कोकरवाला जोर लावत नाही.
साखळीपाशी बसून समुद्राकडे बघत राहतो.

"तुझी कातडी म्हणजे हे दार.
घाम सुटतोय, पण जाईल कुठे?
बाहेरची हवाच काठोकाठ भरलीय."

घड्याळ त्यांनी शहाळेवाल्याच्या गल्ल्यात ठेवलं.
पहाटे साडेचारला यायचं. टोपीत बर्फ.
लिंबूपाण्यात चिमूटभर मीठ, दोन चिमटी नको.
आणि वेग?
"आईचं पूर्ण नाव एका दमात घेता येईल, एवढाच."

युलाली पर्पेचुआ ब्रॅथवेट.
दीपस्तंभापर्यंत युलाली पर्पेचुआ ब्रॅथवेट.
नाव तुटलं की चालायचं, जुळलं की पुन्हा धावायचं.
तिच्या मातीला मला येता आलं नव्हतं.
नऊ वर्षांत ते नाव मी इतक्यांदा घेतलं नसेल.

रामकिसूनच्या दुकानात तांदळाच्या काट्यावर
जाताना बहात्तर, येताना सत्तर.
"दोन किलो कुणाला विकलेस?" तो विचारायचा,
आणि न मागता पाण्याचा तांब्या पुढे करायचा.

एकदा कुणाला न सांगता भर दुपारी गेलो.
सगळं ठीक वाटत होतं,
मग ऐन उन्हात अंगावर काटा आला.
थंडी वाजली. विनिपेगची थंडी, इथे!
एका पोरानं मासे धरायचं सोडून
मला झाडाखाली ओढलं
आणि चरातलं पाणी डब्यानं डोक्यावर ओतत राहिला.
डब्यात एक छोटा मासा होता, तोही ओतला गेला.
मिस वेव्हनी रागावल्या नाहीत.
चार दिवस नुसतं चालायला लावलं,
आणि त्या चार दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पुन्हा सुरुवात केल्यावर अकराव्या दिवशी
घाम लवकर फुटला.
ओठावरचा चाखला तर पूर्वीइतका खारट नव्हता.
छातीतला ढोल दोन घरं पलीकडे वाजत होता.
मी मागे वळून पाहिलं,
त्यांनी शहाळं वर उचललं, बस्स.

घड्याळ अजून गल्ल्यातच आहे,
शहाळेवाला त्यावर वेळ बघतो.
नवी वही घेतली, पेन्सिलीनं लिहितो:

मंगळवार. हवा दाट, वारा नाही.
कोकरचं दार बंद.
बरंच चाललो.
आईचं नाव सहा वेळा अख्खं,
सातव्यांदा पर्पेचुआवर अडकलो,
दमामुळे नव्हे.