तळघरातले गुण

डुलूथमध्ये सरोवराचा काठ गोठला
की माझा हंगाम सुरू होतो.
जिन्याखालचा दिवा घालवतो, भट्टी बंद करतो,
फ्रीजचाही प्लग काढतो;
त्याची घरघर शांत प्रसंगात
आगंतुकासारखी येऊन बसते.

वहीत रकाने आखलेले :
काळा रंग. कातडीचा रंग. दाणा.
पुढचा आवाज, मागचा आवाज,
आणि पोटात उतरणारा तो खर्ज.
गुण दहापैकी. अर्धासुद्धा मी उधार देत नाही.
एकोणीस वर्षं झाली.

आजची डिस्क : जंगल, रात्र, चुकीच्या जागी उतरलेली तुकडी.
रात्र खरंच रात्र आहे, धुवून करडी पडलेली नाही.
आधी सालीतली भेग दिसते,
मग भेगेशेजारी हेल्मेटची कड,
मग कळतं की ती कड श्वास घेतेय.
नऊ.
सार्जंटच्या गालावर चिखल, चिखलाखाली जखम,
जखमेच्या कडेला डिंकाची बारीक चमक.
चित्र इतकं नितळ की सोंग उघडं पडावं;
याचे गुण वाढवायचे की कापायचे,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हेलिकॉप्टर मागच्या डाव्या कोपऱ्यातून उठतं,
माझ्या टकलावरून जातं,
आणि वर स्वयंपाकघरात बशा किणकिणतात.
आर्लिस टाचेनं जमीन ठोकते.
माझ्याकडे मोजायची यंत्रं आहेत, पण खरं माप हेच :
दोन ठोके म्हणजे आठ, तीन म्हणजे साडेनऊ.
आज तीन. चौथा अर्धवट.

तेवढ्यात शेजारची वर्ना टोलफसन आली,
बर्फ ओढायचं फावडं परत द्यायला.
अकरा वर्षं सैन्यात होती, हेलिकॉप्टरं दुरुस्त करायला.
ओल्या बुटांनीच पायरीवर टेकली.
कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं,
हातमोजा काढला,
आणि सबवूफरवर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"पुन्हा लाव."
लावलं.
"पुन्हा."
तिसऱ्यांदा म्हणाली, "आजारी आहे हे.
शेपटीकडचं बेअरिंग गेलंय. मी उडू दिलं नसतं."
मी हसलो. ती हसली नाही.
रकान्यात याला जागा नव्हती.

मग तो स्फोट. सहाही स्पीकर एकदम,
आणि लगेच सगळं पाण्याखाली गेल्यासारखं;
उरतो फक्त एक बारीक, उंच सूर,
चार सेकंद, की परत व्हायोलिनं.
हा भाग तिला ऐकू जाणार नाही, म्हणून
मी वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं :
स्फोटानंतर शिट्टीसारखा सूर. चार सेकंद. बरोबर आहे?

तिनं वाचलं. यंत्र परत कानात बसवलं.
"सूर असेल बरोबर. लांबी चुकलीय."
"किती हवी?"
मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं तिनं,
खरोखरच हिशेब करायचा असल्यासारखं.
"अजून चालू आहे," म्हणाली.

भट्टी बंदच होती. गारठा चढत होता.
मी पॉजवर बोट ठेवून बसलो,
पडद्यावर एक सैनिक तोंड उघडं टाकून थांबलेला,
दाणा सुरेख, एकही डाग नाही.
ती उठली, "चित्र छान आहे हं तुझं," म्हणाली,
आणि गेली.

हातमोजा राहिला सबवूफरवर.

नेऊन द्यायला निघालो तर तिच्या खिडकीत टीव्ही चालू,
आवाज बंद, खाली अक्षरं धावताहेत,
कुणीतरी माशाचे काटे काढतंय.
तिच्या पडद्यावरचा काळा पार राखाडी झालेला,
माशाची कातडी जांभळी.
रिमोटची दोन बटणं, अर्ध्या मिनिटाचं काम.
दार वाजवायला हात उचलला,
मग मोजा कडीला अडकवून परत फिरलो.

आवाजाचा रकाना पहाटेपर्यंत कोरा.
आणि फ्रीज?
फ्रीज मी विसरलो होतो.
सकाळी आर्लिस जिन्याच्या तोंडाशी उभी, हातात
वितळलेल्या आइस्क्रीमचा डबा,
आणि या वेळी टाच वाजली नाही.